छोट्या होडीवर म्युझिक सिस्टीम: काय घ्यायचं आणि कशी बसवायची

मालवण, तारकर्ली, देवबागकडे पर्यटकांच्या होडीवर गाणी लागतातच. कर्ली खाडीत फेरी मारणारी होडी असो, डॉल्फिन दाखवायला बाहेर नेणारी असो, कुठे ना कुठे स्पीकर टांगलेला दिसतो. पुढच्या ऑक्टोबरात तोच स्पीकर खरखरत असतो किंवा मुका झालेला असतो. मालक म्हणतो, कंपनी भिकार निघाली. बहुतेक वेळा कंपनीचा दोष नसतो. गाडीचा टेप, गाडीची वायर आणि वर काळी चिकटपट्टी एवढ्या सामानावर काम उरकलेलं असतं, आणि खाऱ्या हवेने एका सिझनमध्ये त्याचा निकाल लावलेला असतो.

हा लेख वीस-पंचवीस फुटी उघड्या फायबर होडीसाठी आहे. वर ताडपत्रीचं नाहीतर फायबरचं छत, मागे आउटबोर्ड इंजिन, दहा-बारा माणसं बसतील अशी. केबिनवाल्या मोठ्या बोटीचं गणित थोडं वेगळं असतं. पण वायरिंगबद्दल जे लिहिलंय ते तिथेही लागू आहे.

आधी होडीत वीज आहे का ते बघा

इंजिन दोरी ओढून चालू होत असेल तर होडीवर बॅटरी नसण्याचीच शक्यता जास्त. अशा बऱ्याच इंजिनांना चार्जिंगची सोय नसते. काहींना दिव्यासाठी कॉइल असते, पण तिच्यातून एसी करंट येतो आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे तो वर-खाली होतो. त्या वायरी थेट बॅटरीला किंवा स्टिरिओला लावायच्या नाहीत, मध्ये एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर हवाच. इंजिनाचा मेकॅनिक तो बसवून देतो.

सेल्फ स्टार्टच्या इंजिनात चार्जिंग असतं. मात्र लहान इंजिनांतून ६ ते १० अँपिअरच मिळतात, आणि तेही इंजिन पूर्ण वेगात असताना. डॉल्फिन बघायला होडी हळू चालवली किंवा इंजिन बंद करून तरंगत ठेवली की चार्जिंग जवळजवळ शून्य.

बॅटरीच नसलेल्या होडीला माझा सरळ सल्ला: सिस्टीम बसवू नका. चांगला वॉटरप्रूफ ब्लूटूथ स्पीकर घ्या, छताच्या पाइपाला पट्ट्याने बांधा आणि रात्री घरी नेऊन चार्ज करा. दहा माणसांना तेवढा आवाज पुरतो. फेरी संपली की गोड्या पाण्याने धुवा, चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण घट्ट लावा आणि ओला असताना चार्जिंगला लावू नका. वायर नाही, भोकं नाहीत, डोक्याला ताप नाही.

बॅटरीचा हिशोब

बॅटरी असेल तर पुढे वाचा. साधी चार स्पीकरची सिस्टीम मध्यम आवाजात ढोबळमानाने ३ अँपिअर खाते. दिवसभरात चार तास गाणी वाजली तर १२ अँपिअर-तास गेले. लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणजे ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतले वापरण्याजोगे १७ धरा. गाण्यांना पुरतं. पण संध्याकाळी त्याच बॅटरीने इंजिनही चालू व्हायला हवं, आणि तिथेच गोची होते.

भरती उलटलेली, वारा सुटलेला, होडीत लहान मुलं आणि सेल्फ नुसता टकटक करतोय, ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून इंजिनाची बॅटरी वेगळी आणि गाण्यांची वेगळी ठेवा. दोन्ही इंजिनावर चार्ज करायच्या असतील तर मध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले बसवतात. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद झालं की तोडतो. एवढा खर्च नको असेल तर गाण्यांची बॅटरी रोज घरी नेऊन चार्ज करा. देवबागात घराच्या पडवीपासून होडी पंचवीस पावलांवर असते, तिथे हाच मार्ग सोपा.

मल्टिमीटर विकत घ्याच. लेड-अॅसिड बॅटरी थोडा वेळ शांत ठेवून मोजली आणि १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दिसले तर भरलेली. १२.१ च्या आसपास आली की निम्मी झाली, गाणी बंद करा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. तो १२.५ वरच अडकला असेल तर आधी चार्जिंगचा दोष शोधा, स्टिरिओ नंतर.

युनिट निवडताना

होडीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, वॉट किती?"

खोक्यावर ‘५० वॉट × ४’ छापलेलं असतं. हा ५० कुठून आला ते बघू. १४.४ व्होल्टचा वर्ग करून ४ ओहमने भागलं की ५२ येतात. म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला असताना, सगळं व्होल्टेज स्पीकरवर आदळतंय असं धरून काढलेला आकडा. स्वच्छ आवाजाचा हिशोब केला तर त्याच व्होल्टेजवर २६ वॉटच्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात १८-२० मिळतात. तेव्हा मोठा आकडा सोडा आणि बारीक अक्षरात छापलेले आरएमएस वॉट, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद, वाचा. ते छापलेलेच नसतील तर खोकं परत फळीवर ठेवा.

पाण्यापासून बचावाचा आकडाही नीट वाचायला हवा. आयपीएक्स ५ म्हणजे लहान नळीच्या फवाऱ्याला टिकणारं, आयपीएक्स ६ म्हणजे मिनिटाला १०० लिटरच्या जोरदार फवाऱ्याला टिकणारं, आणि आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेलं. यात दोन मेखा आहेत. पहिली: या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, मिठाचा त्यात विचार नाही. दुसरी: पुष्कळ युनिटांत हा आकडा फक्त पुढच्या तोंडापुरता असतो आणि मागची बाजू, जिथे सगळ्या वायरी येतात, उघडीच असते. शिवाय बुडवून टिकलेलं यंत्र फवाऱ्यालाही टिकेलच असं नाही. उघड्या होडीवर लाटेचा तडाखा समोरून बसतो, म्हणून मी ५ किंवा ६ चा आकडा आधी शोधतो.

फ्यूजन ही न्यूझीलंडमधली कंपनी खास बोटींसाठीच माल बनवते. २०१४ पासून ती गार्मिनच्या मालकीची आहे. केनवुड, सोनी, जेबीएल यांच्याकडेही मरीन मॉडेल आलेली आहेत. त्यातलं कुठलंही घ्या, पण ‘मरीन’ लिहिलेलं घ्या. त्या युनिटांच्या सर्किट बोर्डावर सहसा लेप दिलेला असतो आणि दर्शनी प्लास्टिक उन्हाने लवकर पिवळं पडत नाही. सीडीची खाच असलेलं जुनं मॉडेल कुणी स्वस्तात देत असेल तरी नको. त्या खाचेतून मीठ आत जातं.

आकार दोन प्रकारचे असतात. गाडीतल्या टेपसारखा आयताकृती, त्याला साधारण १८२ बाय ५३ मिलिमीटरचा चौकोन कापावा लागतो. दुसरा गोल, तीन इंची, इंजिनाच्या मीटरसारखा. लहान होडीवर मला गोल बरा वाटतो, कारण होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) एकच भोक पाडायचं असतं आणि गोल भोकाला कोपरे नसल्याने फायबर तडकत नाही.

रेडिओ ऐकायचा असेल तर एक लक्षात ठेवा. गाडीत अँटेनाला गाडीच्या पत्र्याचा आधार मिळतो, फायबरच्या होडीत तो मिळत नाही. त्यासाठी ग्राउंडशिवाय चालणारी मरीन अँटेना मिळते. फक्त मोबाइलवरून गाणी लावणार असाल तर हा खर्च सोडून द्या.

पर्यटकांना घेऊन जाणाऱ्यांनी माइकचाही विचार करावा. लाइफ जॅकेटचा पट्टा कसा आवळायचा, उभं कधी राहायचं नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कोणत्या बाजूला काय दिसतं, हे इंजिनावर ओरडून सांगताना तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, घसा बसतो. सगळ्या युनिटांना माइक जोडता येत नाही. घेण्याआधी विचारा आणि दुकानातच जोडून बघा.

स्पीकर

उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. त्यावर उपाय म्हणून लोक नाळेवर दोन राक्षसी स्पीकर लावतात. पुढे बसलेल्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना फक्त इंजिन ऐकू येतं. त्यापेक्षा साडेसहा इंची चार स्पीकर माणसांजवळ, होडीभर वाटून लावा. कमी आवाजात सगळ्यांना सारखं ऐकू जातं आणि बॅटरीही वाचते.

स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो. ८७ डेसिबलचा स्पीकर जेवढ्या आवाजाला ४० वॉट मागतो, तेवढाच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये देतो. होडीवर वीज मोजून वापरायची असते, तेव्हा वॉटपेक्षा या आकड्यावर पैसे घाला.

पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडेची पट्टी रबराची हवी. कागदी पडदा दमट हवेत भिजून ढिला पडतो. फोमची पट्टी उन्हात पिठासारखी झडते. जाळी लोखंडी आहे का ते दुकानात चुंबक लावून बघता येईल, पण चुंबक पाठीमागच्या मॅग्नेटलाच ओढला जाईल, म्हणून जाळी काढून हातात धरून बघा. लोखंडी जाळीवर वरचा रंग उडाला की गंज आलाच.

‘स्टिरिओ’ म्हणून फार हट्ट धरू नका. डाव्या बाकावर बसलेल्याला उजवा स्पीकर ऐकूच येत नाही, त्यामुळे गाण्यातलं अर्धं वाद्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचा पर्याय असतो, तो चालू करा. काम फुकटात होतं. त्यासाठी युनिटच्या डाव्या-उजव्या वायरी मात्र एकत्र पिळू नका, आतला अँप्लिफायर जळतो.

जागा

युनिट तांडेलाच्या हाताशी, छताखाली, आणि शक्यतो उभ्या फळीवर. आडव्या फळीवर लावलं तर पाणी त्याच्यावर साचतं. मागे वायरींना वळायला मोकळी जागा आणि थोडी हवा हवी.

पेट्रोलची टाकी ज्या कप्प्यात आहे तिथे युनिट, अँप्लिफायर, रिले, स्विच यातलं काहीही ठेवायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीत भडका उडतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन उलट हलका, वर जातो, म्हणून बॅटरीच्या पेटीला वरून हवेची वाट ठेवा. या दोन गोष्टींवर तडजोड नाही.

होडीवर होकायंत्र असेल तर स्पीकर त्यापासून किमान मीटरभर लांब. स्पीकरच्या मॅग्नेटने सुई ढळते. लावण्याआधी स्पीकर नुसता हातात धरून हळूहळू जवळ न्या आणि सुई कधी हलायला लागते ते बघा.

साडेसहा इंची स्पीकरला मागे ६० ते ८० मिलिमीटर खोली लागते. बाकाच्या उभ्या बाजूला बहुतेक वेळा तेवढी जागा मिळते, पण पाय लागतात. छताच्या पाइपाला अडकवायचे डब्यातले स्पीकर मिळतात, त्यांना भोक पाडावं लागत नाही. पावसाळ्यात काढून घरी नेता येतात हा मोठा फायदा. भाड्याची होडी असेल तर दुसरा विचारच करू नका, हेच घ्या.

वायर: खरं काम इथे आहे

एखाद्या बंद पडलेल्या होडीतली जुनी वायर घ्या आणि टोकापासून वीतभर आत तिचं प्लास्टिक सोला. बाहेरून वायर नवीकोरी दिसते. आत तांबं काळं पडलेलं असतं, कुठे हिरवी भुकटी, आणि नखाने खरवडलं तरी लाली दिसत नाही. खारं पाणी टोकातून शिरतं आणि बारीक तारांमधल्या फटींतून आत आत चढत जातं. अशा वायरीवर नवा जोड मारून उपयोग नाही, सोल्डर धरतच नाही.

म्हणून कलई केलेली, बारीक तारांची तांब्याची वायर घ्यायची. प्रत्येक तारेवर कथिलाचा थर असतो, सोलल्यावर ती चांदीसारखी दिसते. गावातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ती सहसा नसते. मुंबईला जाणारं कुणी असेल तर लोहार चाळीत विचारायला सांगा, नाहीतर ऑनलाइन मागवा. घरातली एकतारी वायर होडीत अजिबात नको, हादऱ्यांनी ती तुटते.

जाडी किती? समजा बॅटरी पिछाडीला आणि युनिट ५ मीटर पुढे. करंट जाऊन परत येतो, म्हणजे वायर धरायची १० मीटर. पूर्ण आवाजात १० अँपिअर गेले तर अडीचच्या (२.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीत जवळपास ०.७ व्होल्ट वाटेतच गळतात. चारच्या वायरीत ०.४३ आणि सहाच्या वायरीत ०.२९. बॅटरी आधीच १२.२ वर असेल तर ०.७ चा फटका मोठा आहे: ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला डिस्प्ले मिणमिणतो आणि युनिट बंद होऊन परत चालू होतं. चारची वायर घाला. स्पीकरना दीडची पुरते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १८ सेंटिमीटरच्या आत. युनिटच्या मागे आधीच फ्यूज आहे म्हणून हा सोडायचा नाही. तो युनिटला वाचवतो, हा वायरीला. मधल्या पाच मीटरमध्ये कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर युनिटचा फ्यूज काहीच करू शकत नाही, वायर पेटते. चारच्या वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज, झाकण असलेल्या होल्डरमध्ये बसवा.

जोड जितके कमी तितकं बरं. जे करावे लागतील ते कलई केलेल्या लगने (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टर्मिनलने), क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून. साध्या पकडीने चेपलेला लग हादऱ्यांनी सुटतो. दाबल्यावर ओढून बघा, निघाला तर दुसरा घाला. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून गरम करा, दोन्ही टोकांतून गोंदाचा मणी बाहेर आला की पाण्याची वाट बंद झाली. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि नेमकी तिथेच मोडते. काळी चिकटपट्टी उन्हात सुटते आणि आत पाणी धरून ठेवते, ती घरीच ठेवा.

वायर बाकाखालून, तळाच्या पाण्यापासून वर, दर हातभर अंतरावर केबल टायने बांधत न्या. फायबरच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी. युनिटला किंवा स्पीकरला जोडण्याआधी वायरीला खाली झोका द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाला ठिबकेल, आत जाणार नाही.

भोकं पाडताना

कागदी साचा खोक्यात येतो. तो चिकटवून आठवडाभर होडी चालवा असं मी सांगतो, लोक हसतात. पण दोरीचं वेटोळं कुठे पडतं, लोक पाय कुठे ठेवतात हे फेरीवरच कळतं, आणि फायबरमधलं भोक बुजवायला रेझिनवाल्याला बोलवावं लागतं.

फळीच्या मागे काय आहे ते हात घालून बघा. जागेवर मास्किंग टेप लावा, त्यावर खूण करा, होल सॉ सावकाश चालवा. नाकाला चांगला मास्क आणि डोळ्याला चष्मा हवाच. फायबरची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही आणि अंगावर पडली की दोन दिवस खाजवते. दोन थरांमध्ये प्लायवूड दिसलं तर कापलेली कड एपॉक्सीने पूर्ण बंद करा, नाहीतर पाणी आत शिरून प्लाय कुजतं.

स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ३०४ वर समुद्रात गंजाचे ठिपके पडतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने तो जास्त टिकतो. सील करायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं टाळा, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. कंपनीने दिलेली रबरी गॅस्केट असेल तर तिच्यावर सिलिकॉन थापायची गरज नसते.

जोडणी

आधी बॅटरीची मायनस काढून ठेवा.

युनिटच्या मागच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. काळी मायनस, लाल स्विचवरून येणारी प्लस, पिवळी कायमची प्लस. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती त्या स्पीकरची मायनस. निळी अँटेनासाठी आणि निळी-पांढरी बाहेरच्या अँप्लिफायरला चालू करण्यासाठी, त्या वापरत नसाल तर टोकं बंद करून ठेवा. तरीही सोबतच्या कागदाशी ताडून बघा, मरीन युनिटात कधी कधी फरक असतो.

पिवळी वायर घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला सतत थोडा करंट खाते. रोज चालणाऱ्या होडीत हरकत नाही. आठवडा-आठवडा उभी राहणाऱ्या होडीत लाल आणि पिवळी दोन्ही एकाच वॉटरप्रूफ स्विचवर घ्या. सेटिंग जाईल, बॅटरी राहील.

गाडीचं काम करणारे मेकॅनिक सवयीने दोन चुका करतात. काळी वायर जवळच्या कुठल्यातरी बोल्टला लावतात, कारण गाडीत बॉडी अर्थ असतो. फायबरच्या होडीत बॉडी अर्थ नाही, मायनसची वायर बॅटरीपर्यंत न्यावीच लागते. दुसरी चूक, स्पीकरच्या मायनस सगळ्या एकत्र करून बॅटरीच्या मायनसला जोडणं. आजच्या युनिटांत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर करंट असतो, त्यामुळे युनिट तिथल्या तिथे उडतं. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरी सुट्या न्यायच्या. एका चॅनेलवर एकच स्पीकर लावा. ४ ओहमचे दोन शेजारी जोडले की २ ओहम होतात, आणि ते बऱ्याच युनिटांना झेपत नाही.

स्पीकर बसवण्याआधी टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल घ्या. त्याची प्लस स्पीकरच्या प्लसला, मायनस मायनसला, क्षणभर टेकवा. पडदा टक् करून बाहेर आला तर खूण बरोबर आहे. चारही स्पीकर एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक जरी उलटा जोडला गेला तरी त्याचा पडदा बाकीच्यांच्या विरुद्ध हलतो, आणि तबल्याचा बायां, ढोलकीची घुमारी असले खालचे सूर गायब होतात. लोक मग बास वाढवत बसतात.

सगळं जोडून झालं की शेवटी मायनस लावा. इंजिन बंद ठेवून वाजवा, मग इंजिन चालू करून वाजवा. इंजिनाच्या वेगासोबत चढणारी शिटी ऐकू आली तर युनिटची मायनस थेट बॅटरीवर आहे का बघा, आणि स्पीकरच्या वायरी इंजिनाच्या वायरींपासून हातभर दूर करा. तरीही राहिली तर प्लसच्या वायरीवर नॉइज फिल्टर मिळतो. होडीवर व्हीएचएफ (बोटींचा बोलायचा रेडिओ) असेल तर चॅनेल १६ लावून सिस्टीम चालू-बंद करून बघा. गाण्यांसोबत तिथे खरखर वाढत असेल तर अँप्लिफायर किंवा वायर अँटेनाजवळून गेली आहे.

इंजिनाला सेल्फ मारताना गाणी बंद ठेवायची सवय लावून घ्या, एकच बॅटरी असेल तर नक्कीच.

किती वाजवायचं

टक्कर टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने डोळ्यांनी आणि कानांनीही सतत लक्ष ठेवलं पाहिजे. तांडेलाजवळचा स्पीकर म्हणूनच सगळ्यात कमी आवाजाचा हवा. युनिटला झोन (आवाज वेगळा ठेवता येणारे स्पीकरचे गट) असतील तर मागच्या झोनचा आवाज वेगळा कमी करता येतो.

डॉल्फिन दिसले की गाणी बंद. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते आवाजावर जगतात, मासा शोधतात, पिल्लाला हाक मारतात. डीजे लावून त्यांच्या पाठी लागणाऱ्या होडीला दोनदा पाठ दिसते, तिसऱ्यांदा पाणीच. शांत होडीतल्या पर्यटकांना फोटो मिळतात. खाडीत रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदीचा नियम किनाऱ्यासारखाच धरून चला. पाण्यावरून आवाज लांब जातो आणि घरं काठालाच आहेत.

देखभाल आणि पावसाळा

रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने युनिट आणि स्पीकर पुसा. प्रेशरचा पाइप मारायचा नाही. महिन्यातून एकदा फ्यूज काढून पाय बघा, पांढरं-हिरवं दिसलं तर घासून पातळ पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीच्या टोकांनाही तेच.

मे अखेरीला होडी वर ओढली की डब्यातले स्पीकर आणि शक्य असेल तर युनिटही काढून घरी न्या. उघड्या राहिलेल्या प्लगच्या तोंडात जेली भरून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड खाली करून बांधा. बॅटरी घरी, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज. नारळी पौर्णिमेनंतर परत जोडताना काहीच चालू झालं नाही तर युनिट उघडायला घेऊ नका: आधी बॅटरीजवळचा फ्यूज, मग होल्डरचे पाय, मग मायनसचा लग, या क्रमाने मल्टिमीटर लावत पुढे जा. दोष बहुतेक वेळा युनिटपर्यंत पोहोचायच्या आधीच सापडतो.